बारा नंबरची जागा

पोहण्याच्या तलावावर सगळे त्यांना बारानंबर म्हणत. नव्याने येणाऱ्या पोरांना वाटायचं, हा कुठल्या तरी कपाटाचा नंबर असणार. कारण त्यांचं कामच कपाटांचं होतं. कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक काउंटर, त्यावर किल्ल्यांची पाटी आणि पाटीमागे बारानंबर. लोक घड्याळ, चष्मा, अंगठी काढून देत. ते प्रत्येकाची वस्तू वेगळ्या कापडी पिशवीत घालून खणात ठेवत आणि एक पितळी बिल्ला हातात देत. फरशी कायम ओली, म्हणून दिवसभर पायाची बोटं आवळून उभं राहायचं. संध्याकाळी घरी आले की ते आधी खुर्चीत बसत. त्यांच्या पायांना क्लोरीनचा वास येई. तो साबणानेही जात नसे.

नाव मात्र जुनं होतं. तरुणपणी ते फुटबॉल खेळत, निदान तसं म्हणायची पद्धत होती. ज्या संघाने ते गाजलेलं अजिंक्यपद जिंकलं, त्या संघाचे ते राखीव गोलकीपर होते. पाठीवर बाराचा आकडा होता. सबंध स्पर्धेत ते एक मिनिटही मैदानात उतरले नाहीत. अंतिम सामन्यात पहिल्या गोलकीपरचा खांदा दुखावला, तेव्हा ते कोट काढून, बूट आवळून रेषेपर्यंत गेले होते. पहिल्याने जमिनीवरूनच हात हलवला, उठला, पुन्हा गोलात उभा राहिला. बारानंबर परत येऊन बाकावर बसले आणि त्यांनी कोट घातला. त्यांच्या खेळाची गोष्ट एवढीच.

पत्रांचं प्रकरण सुरू झालं ते संघ म्हातारा झाल्यावर. काही लोकांना खेळाडूंच्या सह्या जमवायचा नाद असतो आणि त्यातले पुष्कळ जण हे काम घरबसल्या, टपालाने करतात. त्याची रीत ठरलेली आहे. खेळाडूचा पत्ता मिळवायचा, नम्रपणे पत्र लिहायचं, सोबत फोटो घालायचा आणि स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून एक रिकामं पाकीटही त्यातच ठेवायचं. खेळाडूने नुसती सही करायची, फोटो त्या पाकिटात सरकवायचा आणि ते टपालपेटीत टाकायचं. खेळाडू आळशी असतात असं ही मंडळी धरूनच चालतात. त्यात फारसं चुकत नाही.

तर या मंडळींना आता त्या संघाच्या सगळ्या सह्या एकाच फोटोवर हव्या होत्या. अकरा जणांच्या मिळत. गाडी अडायची ती एकाच ठिकाणी. फोटोत डाव्या टोकाला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून एक जण उभा होता. त्याची सही कुणाकडेच नव्हती, कारण इतकी वर्षं ती कुणी मागितलीच नव्हती.

बारानंबर सही करत नसत. सुरुवातीला ते फोटो तसेच कोरे परत पाठवत. मग तेवढाही उत्साह उरला नाही. पाकिटं येत आणि फ्रीजवर चढून बसत.

"आयुष्यभर कुणी विचारलं नाही म्हणून कुढलात," त्यांची बायको म्हणायची. "आता विचारतायत, तर तोंड फिरवता."

"मला कुठे विचारतायत? त्यांना भोक बुजवायला बूच हवंय."

"मग व्हा बूच. बाटली तरी सांडायची नाही."

बायकोशी बोलण्यात हरायची त्यांना सवय होती.

एक दिवस मोठं, कडक पाकीट आलं. पाठवणारी एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होती. फोटो वाकू नये म्हणून मागेपुढे पुठ्ठे लावलेले. फोटोवर पुसली न जाणारी शाई भरलेलं निळं पेन तिने सोबत दिलं होतं. सही कुठे करायची ते कळावं म्हणून डाव्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेशी एक पिवळी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बाण काढलेला होता. टापटिपीने राहणारी बाई असावी.

आणि फोटोवर अकरा सह्या होत्या. सगळ्या खऱ्या. बारानंबरांना कुणी सांगायची गरज नव्हती. कप्तानाची सही शेवटी शेवटी हात थरथरत असताना केलेली, तरी शेवटच्या अक्षराचा तो बाक तसाच. कप्तान गेल्या हिवाळ्यात गेले होते. त्यांच्याआधी आणखी दोघे. म्हणजे हा फोटो पुन्हा कुणालाही, कितीही पत्रं लिहून, तयार करता येणार नव्हता. बाईने तो तसाच टपालात टाकला होता. नक्कल नव्हे, खुद्द तोच.

"डोकं फिरलंय हिचं," बारानंबर म्हणाले. पण फोटो लगेच खाली ठेवला नाही.

त्यांची नात त्यांच्या कोपराखालून डोकावत होती. तिला घरात मुंगी म्हणत, कारण ती एका जागी कधी सापडत नसे आणि जिथे सापडे तिथे काहीतरी सांडलेलं असे. मुंगीची आई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिच्या पाळ्या बदलत्या असायच्या, त्यामुळे शाळेनंतर मुंगी आजीआजोबांकडे असायची. नुकतीच लिहायला शिकली होती आणि दिसेल त्या कागदावर स्वतःचं नाव लिहीत सुटली होती.

"हे सगळ्यांनी काय गिरवलंय?"

"सह्या आहेत. ज्याने त्याने आपलं नाव लिहिलंय."

"आणि ही जागा कुणाची?" तिने बाणावर बोट ठेवलं.

बारानंबर दमले होते. त्या दिवशी तलावावर शाळेच्या दोन बसगाड्या आल्या होत्या. "कुणाचीच नाही," ते म्हणाले, आणि पाकीट फ्रीजवर ठेवून दिलं.

त्यानंतर बरेच दिवस गेले. पाकिटावर वाणसामानाची पिशवी आली, पिशवीवर छत्री आली. मग ऑपरेटरबाईंचं दुसरं पत्र आलं. ते छोटं होतं.

"सही करायची नसेल तर राहू द्या. तुमच्यावर राग नाही. पण फोटो परत पाठवा. पाकीट मी दिलं आहे, तिकीटही मीच लावलं आहे, तुम्हाला फक्त पेटीपर्यंत जायचं आहे. मी आता थकले आहे आणि हा उद्योग आवरता घेते आहे. तो एकच फोटो भिंतीवर लावायचा ठरवलं होतं. अपुरा तर अपुरा."

बारानंबरांनी पत्र दोनदा वाचलं. "मी आता थकले आहे" या ओळीशी थोडे थांबले. मग उठून छत्री बाजूला केली, पिशवी उतरवली, पाकीट काढलं. उद्या कामावर जाताना टाकू म्हणून फोटो नीट आहे ना ते बघायला तो बाहेर ओढला.

बाणाच्या टोकाशी, निळ्या शाईत, गोल गोल अक्षरांत मुंगीचं नाव होतं. शाळेतलं, आडनावासकट. त्याखाली इयत्ता पहिली, तुकडी ब. त्याखाली पट्टीने ओढलेली रेघ.

ते तसेच खुर्चीत बसले. बायकोने त्यांचा चेहरा पाहिला, हातातला फोटो पाहिला आणि गॅस बंद केला.

मुंगीला बोलावणं गेलं. ती आली, कारण तिला वाटलं खाऊ आहे.

"हे काय आहे?"

"सही."

"कुणी सांगितली करायला?"

"तिथे बाण होता," मुंगी म्हणाली. "मी खुर्चीवर चढून पाकीट काढलं. पेन पण त्यातच होतं."

"बाण तुझ्यासाठी होता का?"

"तू म्हणालास ना, ही जागा कुणाचीच नाही. मग मी घेतली." आजोबांचा चेहरा बघून तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "अक्षर चांगलं काढलंय. मी घाई नाही केली."

हे खरं होतं. तिच्या वहीत इतकं सुबक एकही पान नव्हतं. तिला रागवायचं तर कशासाठी, हेच बारानंबरांना सापडेना.

संध्याकाळी मुलगी, म्हणजे मुंगीची आई, आली आणि घरात शस्त्रक्रिया सुरू झाली. मुलीने पर्समधून नखांचा रंग काढायचं औषध काढलं. कापसाचा बोळा भिजवून आधी चाचणी म्हणून फोटोच्या अगदी कडेला, मैदानाच्या गवतावर हलकेच फिरवला. शाई निघाली असती की नाही कोण जाणे, पण गवत निघालं. बोळा हिरवा झाला आणि फोटोला पांढरा डाग पडला.

"बास," बारानंबर म्हणाले. "कप्तानाची सही तिथून बोटभर लांब आहे. हात लावू नका."

"बाबा, कळवा तिला की टपालात गहाळ झालं," मुलगी म्हणाली. "रोज होतं असं. आमच्याकडे रक्ताचे नमुने गहाळ होतात."

"माझ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू आजवर गहाळ झालेली नाही."

"ही झाली नाहीच आहे. फक्त जरा..." मुलीने मुंगीकडे पाहिलं. "जरा वापरली गेली."

आजीला हसू आलं, मग आवरलं. बारानंबर हसले नाहीत. ते हात पुढे करून बसले होते, तळवे वर. लोकांचे बिल्ले घेताना असायचे तसे.

रविवारी तलाव बंद असे. सकाळी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले. "सप्रेम नमस्कार" लिहिलं आणि पुढे गाडी हलेना. मुंगी समोर चढून बसली. आपल्यावरून काहीतरी झालंय हे तिला कळलं होतं, पण नक्की काय, ते कळलं नव्हतं. आणि ते तिला टोचत होतं.

"आजोबा, तुझं नाव का नाही लिहिलंस तिथे?"

"मी खेळलो नाही म्हणून."

"मग फोटोत कसा आलास?"

"फोटो काढताना सगळ्यांना बोलावतात."

"खेळला नाहीस, मग दिवसभर काय केलंस?"

"काही नाही."

"काही नाही असं नसतं," मुंगी म्हणाली. हे शाळेतल्या बाईंचं वाक्य होतं, आवाजासकट. "बाई विचारतात, काय करत होतात, तर काही नाही म्हटलं की त्या उभं करतात."

बारानंबरांनी पेनचं टोपण लावलं. उभं राहण्याचा विषय त्यांना नको होता. "बसलो होतो. पावसात. पहिल्या गोलकीपरच्या हातमोज्यांची दुसरी जोडी शर्टाच्या आत धरून. भिजली तर चेंडू निसटतो म्हणून."

"मग?"

"मग मध्यंतरात त्याने जोडी बदलली. ओली माझ्याकडे दिली."

"अजून?"

"अजून काय. सगळ्यांची घड्याळं माझ्याकडे असायची. अंगठ्या. खेळताना अंगावर धातूचं काही चालत नाही. माझ्या आईने कापडाची एक पिशवी शिवून दिली होती, ती गळ्यात. त्यात कप्तानाचं घड्याळ. ते त्याच्या वडलांचं होतं. त्याला रोज वाटायचं की मी ते हरवणार."

"हरवलंस?"

"नाही." मग त्यांना काही आठवलं. "आणि एकाचा दात."

मुंगी टेबलावर पुढे सरकली. "दात?"

"खोटा होता. काढता-घालता यायचा. सामन्याआधी तो काढायचा आणि रुमालात गुंडाळून मला द्यायचा. दुसऱ्या कुणाला देत नसे. लाजायचा. जिंकल्यावर सगळे कप्तानाला खांद्यावर घेऊन नाचत होते आणि हा तोंडावर हात धरून माझ्याकडे पळत आला. फोटो काढणारे येत होते ना."

"मग तू दिलास?"

"दिला की. त्या फोटोत तो हसतोय बघ."

मुंगीने फोटो जवळ ओढला आणि दात बराच वेळ तपासला. आजी मागे भाजी चिरत होती, तिची सुरी थांबली होती. इतक्या वर्षांच्या संसारात ही दाताची गोष्ट तिने ऐकली नव्हती.

"मग हेच लिही," मुंगी म्हणाली.

"काय?"

"हेच. दात सांभाळला."

"असं कुणी लिहीत नाही, मुंगे."

"मी इयत्ता लिहिली तर चाललं ना?"

चाललं नव्हतं. पण ते तिला सांगणं बारानंबरांच्या जिवावर आलं. ते फोटोकडे बघत राहिले. डाव्या कोपऱ्यातली जागा नातीने भरून टाकली होती. तिच्या रेघेखाली फोटोची पांढरी किनार होती, दोन बोटं रुंद. तेवढीच जागा उरली होती.

त्यांनी निळं पेन घेतलं. आधी जुन्या वर्तमानपत्रावर सही करून पाहिली. तरुणपणी त्यांची एक सही होती, लांब शेपटीची, बाकावर बसल्या बसल्या कार्यक्रमपत्रिकांवर गिरवून तयार केलेली, कधी कुणी मागितली तर असावी म्हणून. ती त्यांना आठवेना. हाताला आता फक्त हजेरीपटावरची सही येत होती, रोज सकाळी दाराशी उभ्याने उरकायची ती. चार-पाच वेळा करून पाहिलं, तीच आली. मग फोटोच्या किनारीवर त्यांनी तीच केली. तिच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं:

"राखीव. खेळलो नाही. सर्वांची घड्याळे, अंगठ्या व एक दात सांभाळला."

पत्र मग भरभर झालं. आपली सही इतके दिवस अडवून ठेवली, फोटो फ्रीजवर टाकला, नातीने बाण पाहून त्या जागी नाव लिहिलं, चूक तिची नाही कारण जागा कुणाचीच नाही असं तिला आपणच सांगितलं होतं, गवतावरचा डागही आमच्याच घरचा आहे. भरपाई होण्यासारखी ही वस्तू नाही हे मला कळतं. तुम्ही ठेवायला दिली होती, मला राखता आली नाही.

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ते उठले आणि आत जाऊन आडवे झाले. पाकीट पेटीत टाकायला आजी आणि मुंगी गेल्या.

मग वाट पाहणं आलं. बारानंबर ती पाहत नाहीत असं दाखवत. तलावावर एकदा कुणाचं तरी घड्याळ त्यांनी पिशवीत घातलं, खणात ठेवलं, आणि थोड्या वेळाने खण उघडून पुन्हा पाहिलं. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. घरी फ्रीजचं डोकं मोकळं झालं होतं. उरलेल्या पाकिटांतले फोटो त्यांनी एकेक करून परत पाठवले होते. काहींवर सही केली, काहींवर हात दुखला म्हणून केली नाही. आनंद वगैरे काही झाला नाही. पसारा आवरल्यासारखं वाटलं, तेवढंच.

एके संध्याकाळी ते दारात बूट काढत होते तेव्हा मुंगी पाकीट घेऊन धावत आली. पाकिटावर तिचं नाव होतं. आडनावासकट. खाली इयत्ता पहिली, तुकडी ब.

"माझं आहे. तू फक्त वाच."

ते खुर्चीत बसले. आत दोन कागद होते. एक त्यांच्यासाठी.

"पाकीट उघडलं तेव्हा मी आधी बसले आणि बराच वेळ उठले नाही. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, याची भरपाई होत नाही. त्या दिवशी फोटो कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी काढला, तुमची ओळ वाचली, पुन्हा टाकला. असं आठवडाभर चाललं. आता भिंतीवर लावला आहे. येणारे लोक आधी तुमच्या नातीचं नाव वाचतात, मग तुमचं, आणि मग सगळ्यांचे दात बघत बसतात. तो दात कुणाचा, हे मी विचारत नाही. तुम्ही सांगणार नाही, हे मला माहीत आहे."

त्यांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि दुसरा उघडला. तो मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलेला होता, नवीन वाचणाऱ्यासाठी.

"तुमची सही मिळाली. माझ्याकडे प्रत्येक सहीपुढे खेळाडूची जागा लिहिलेली असते. आपण कोणत्या जागी खेळता ते कळवावे. सोबत पाकीट आहे, तिकीट लावले आहे."

"मी कोणत्या जागी खेळते?" मुंगीने विचारलं.

"ते तू सांग."

"तू कोणत्या जागी?"

"मी राखीव."

"राखीव म्हणजे काय करायचं?"

बारानंबरांनी पाय लांब केले. बोटं अजून आवळलेली होती, ती एकेक करून सोडवायला लागत. "बूट घालून बसायचं," ते म्हणाले. "कधी बोलावतील सांगता येत नाही."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तरी बसायचं."

मुंगीने यावर विचार केला. मग ती दाराशी गेली, शाळेचे बूट घेऊन आली, नाडी कशीबशी बांधली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून त्यावर ताठ बसली. बारानंबरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. हात धुवायला जायचं होतं. नेहमी ते घड्याळ टेबलावर ठेवत. आज त्यांनी तिच्यापुढे धरलं आणि तिने दोन्ही हातांनी घेतलं.

आतून आजीचा आवाज आला. "घरात बूट घालून कोण बसलंय गं? फरशी आत्ताच पुसलीये."

"मी बसलेय," मुंगी म्हणाली. "मला उठता येणार नाही, आजी. माझ्याकडे घड्याळ आहे."